पाण्याचा टिळा

तिसऱ्या वाटीतला कोथिंबिरीचा रसही वर्षालीनं बापाच्या शर्टावर थुंकला.

"घे ना माय, एक घोट. रक्त साफ होते."

"पुरे करा आता," तिची आई नंदिनी म्हणाली. "आठ दिवसांपासून धड जेवून नाई राह्यली पोरगी, तुमच्या रसाच्या पायी."

बंडूजी वाटी आपटून उठले. हिंगणीत त्यांचं शिलाईचं दुकान. मारुतीला दर शनिवारी शेंदूर चढवायचा मान वडिलांपासून त्यांच्याकडे, आणि गावात कीर्तन असलं की बुवांच्या मागची पहिली झांज त्यांचीच. चार वर्षांची वर्षाली पोट धरून रडायची. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. 'कुठून जातंय ते आधी शोधा. महिन्याभरानं पुन्हा तपासू,' ते म्हणाले.

सापडेना. काजळ फेकलं, कल्हईची भांडी काढली, रंग उडालेली खेळणी गेली. मग लसूण, काळा गूळ, हा रस. ज्यानं जे सांगितलं ते केलं.

शनिवारी सकाळी आरोग्य केंद्राची आशाताई मेघा आली. घरभर फिरली, देव्हाऱ्यापाशी थांबली.

"बंडूभाऊ, या डब्यात काय हाये?"

"शेंदूर. मारुतीचा."

"बाजारातल्या शेंदरात शिसं राह्यते, भाऊ. पोरीले लावता काय?"

लावत होते. दुखणं सुरू झाल्यापासून तर दिवसातून दोनदा, दृष्ट लागू नये म्हणून. घाम आला की ती कपाळ पुसायची आणि बोटं तोंडात घालायची.

"देवाच्या शेंदरानं पोरगी बिमार पडते? काईबी सांगून राह्यली तू!"

"देवाले काऊन मधात आणता? मी डब्यातल्या भुकटीचं बोलून राह्यली."

"मारुतीले काय सांगू मंग? बापाच्या वेळपासून चढते तो!"

"तुमचे बुवाच सांगतेत ना," नंदिनी कडाडली, "देव भावाचा भुकेला हाये म्हणून? तवा तर लय मान डोलावता!"

 बंडूजींनी आपले हात पाहिले. नखांच्या कडांना केशरी रेघ होती. कितीदा याच हातांनी घास भरवला होता.

मेघानं डबा पिशवीत बांधला. त्यांनी अडवलं नाही. मोरीवर बसून ते साबणानं नखं घासत राहिले, बोटं लाल होईपर्यंत. रस थुंकलेला शर्टही भिजवला.

मागं पावलं वाजली. वर्षाली कपाळ पुढं करून, डोळे मिटून उभी होती.

"बाबा, टिळा."

त्यांनी तिच्या पाण्याच्या गडव्यात अंगठा बुडवला आणि कपाळावर हळूच टेकवला. ती आरशाकडे पळाली आणि तशीच परत आली.

"दिसून नाई राह्यला!"

"थांब," बंडूजी म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा अंगठा बुडवला.