खांद्याचा फोटो

वस्तादांचा उजवा खांदा दुखायला लागून तीन महिने झाले होते आणि तो आता त्यांचा एकट्याचा राहिला नव्हता. सलूनच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण त्यात आपला वाटा मागत होता. बावीस वर्षं वस्तादांनी गिऱ्हाइकांच्या माना वाकवून त्यांना शहाणपण शिकवलं. आता गिऱ्हाइकं वाकल्या मानेनेच त्याची परतफेड करत होती. कोणी शेक सांगितला, कोणी उशी बदलायला सांगितली. एका निवृत्त ग्रंथपालांनी तर अर्धी दाढी झालेली असताना, हे दुखणं आता जन्माचा सोबती, असं सांगून टाकलं. वस्तरा गळ्यावर असताना असं बोलायला धाडस लागतं.

सगळ्यांवर कडी केली मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ पाण्याचे पंप विकायचा, पण वैद्यकशास्त्रात त्याची गती अशी, की डॉक्टरांनी फक्त सह्या कराव्यात.

"भाऊजी, एमआरआय काढल्याशिवाय डॉक्टरकडे जायचंच नाही," तो म्हणाला. "रिकाम्या हाताने गेलं की ते आपल्याला अडाणी समजतात."

आधी डॉक्टरला दाखवा, मग काय ते बघू, असं बायको म्हणत होती. म्हणणं अगदी साधं होतं, त्यामुळे ते कोणी मनावर घेतलं नाही.

मग एक दिवस, उद्या बोहल्यावर चढणाऱ्या एका नवरदेवाचे केस कापताना वस्तादांच्या खांद्यातून कळ गेली, कात्री अडली आणि कानामागे चांगली पायरी पडली. नवरदेव आरशात बघत राहिला. वस्तादांनी त्याच संध्याकाळी दवाखाना गाठला. बायको आणि न बोलावलेला मेहुणा सोबत होते.

डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, स्वतः धरून फिरवला, दाबून जोर पाहिला. मान तपासली. पडलात का, ताप येतो का, वजन उतरलं का, हाताला मुंग्या येतात का, असं विचारलं. प्रत्येक वेळी 'नाही' म्हणताना वस्तादांना आपलं दुखणं हलकं पडल्यासारखं वाटू लागलं.

खांद्याचे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या कामाने चिडल्या आहेत, असं बाईंनी सांगितलं. मेहुण्याने लगेच एमआरआयच्या फोटोचा विषय काढला.

"आज फोटोत काहीही दिसलं तरी मी हेच व्यायाम सांगणार," बाई म्हणाल्या. "मग कशाला काढायचा? सहा आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा हातातला जोर गेला, तर मीच काढायला सांगेन."

मग त्यांनी खुर्ची किती उंच ठेवता ते विचारलं. बावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. खुर्ची उंचच असायची, कारण वाकणं वस्तादांना कमीपणाचं वाटे.

तीन महिने सोसलं आणि हाती काय आलं? एक रबरी पट्टा. वस्ताद मनातून चांगलेच दुखावले. तरी बायकोच्या धाकाने रोज दाराच्या कडीला पट्टा अडकवून ओढू लागले, भिंतीवर बोटं चढवू लागले. खुर्चीही खाली आली. चौथ्या आठवड्यात उजव्या कुशीवर झोपता आलं.

मेहुण्याला हे सहन होईना. विज्ञानाचा अपमान झाला म्हणून त्याने स्वतःच्याच खांद्याचा एमआरआय काढून घेतला. त्याचा खांदा उभ्या जन्मात दुखला नव्हता. रिपोर्टात एका दोरीला बारीक चीर निघाली, आणि त्याच दुपारपासून त्याचा हात लोंबकळू लागला.

डॉक्टरीणबाईंनी त्यालाही तसंच तपासलं. जोर पुरेपूर होता.

"दुखतं कधीपासून?" त्यांनी विचारलं.

उत्तर बहिणीने दिलं, "रिपोर्ट वाचल्यापासून."

या वयात न दुखणाऱ्या खांद्यांतही अशा चिरा खूप जणांना सापडतात, असं बाईंनी शांतपणे सांगितलं आणि हातात रबरी पट्टा दिला. आता मेहुणा रोज सकाळी भाऊजींच्या शेजारी उभा राहून पट्टा ओढतो आणि रबर हलकं आहे अशी तक्रार करतो.

वस्तादांची कात्री पूर्वीसारखी चालते. फक्त वरच्या फळीवरचा टॉवेल काढताना अजून जरा कळ येते. ते त्यांनी बाईंना सांगितलंय, बायकोला सांगितलंय. मेहुण्याला मात्र पत्ता लागू दिलेला नाही.