पाठीवरचं नाव

क्लब सगळा हौशी. व्हॉलीबॉलचे कोच बँकेत कारकून, पंच दंतवैद्य, आणि जर्स्या शिवायचं काम शिंपीणबाईंच्या गळ्यात, कारण त्यांची लेक मुलींच्या संघाची कॅप्टन. पाठीवर टोपणनावं घालायची, ही टूमही लेकीचीच. यादी तिनंच लिहून दिली: वाघीण, बुलेट, भिंत, रेडिओ. नऊ नंबरच्या पाठीवर ‘रेडिओ’ शिवताना बाईंना हसू आलं. पोरगी भलतीच बडबडी दिसतेय!

शनिवारी दुपारी बाई मापं बघायला क्लबच्या सामानाच्या खोलीत बसल्या. नऊ नंबरची आली, जर्सी घालून मुकाट उभी राहिली.

"काखेत काचत नाही ना गं?"

"ना-ना-नाही, का-का..."

"रेडिओ अडकला! एक चापट मारा गं!" बाहेरून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. त्यातलं सगळ्यात मोठं हसणं बाईंच्या घरचंच होतं.

बाईंनी कात्री उचलली. "काढ ती. आत्ता उसवते."

पोरीनं जर्सी घट्ट धरली. "न-नको काकू. त्या म्ह-म्हणतील, मी चुगली केली. मग अजून त्रास दे-देतील."

कात्री बाईंच्या हातातच राहिली. क्लबचा नियम त्यांना पाठ होता. सभेत हात वर करून त्यांनीच मंजूर केला होता. छळाची तक्रार ज्या खेळाडूवर, ती चौकशी होईपर्यंत संघाबाहेर. उद्या सामना, आणि मोठ्या संघासाठी निवड करणारे बघायला येणार. त्यासाठी लेक वर्षभर पहाटे उठून घाम गाळत होती. घरी नेऊन दोन मुस्कटात दिल्या की झालं, बाईंच्या मनात आलं. पण त्यानं काय होणार? सोमवारी ही पोरगी पुन्हा यांच्या तावडीत एकटीच. असला विचार आपल्याला सुचलाच कसा, याची त्यांना लाज वाटली.

त्या कोचकडे गेल्या. "सर, तक्रार लिहून घ्या. तक्रार माझी. त्या पोरीला तोतरेपणावरून चिडवतात, ते नाव माझ्याकडून जर्सीवर शिवून घेतलं. यादी ही घ्या. पोरीनं चकार शब्द काढलेला नाही."

कोचनी यादी वाचली. मग म्हणाले, "बाई, उद्या सामना आहे. कुणाविरुद्ध लिहू?"

"आई?" दारात लेक उभी होती.

बाईंनी मान वळवली नाही. वळवली असती तर जीभ रेटली नसती.

"लिहा," त्या म्हणाल्या. "एक नंबर. माझी मुलगी."