बुरुल आपाने घेतलेलं नाव

मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, चालेल. अडगळ म्हणाल तर मात्र याद राखा. मी कोक-जार गावातली जुनी कॉम्प्युटर मशीन आहे. अंग पिवळं पडलंय, एका बाजूचं झाकण दोरीनं बांधलंय. तरी डोंगरावरच्या तळ्याची खबर अख्ख्या गावात आधी मला लागते, मग माणसांना.

मी जन्मले कुठल्याशा दूरच्या कारखान्यात. ते मला आठवत नाही, आणि आठवून करायचंय काय? पुढे नऊ वर्षं मी एका शाळेच्या कचेरीत मुलांचे गुण जपले. एक आकडा कधी इकडचा तिकडे झाला नाही. नवी मशीन आली तसं मला जिन्याखाली टाकलं. तिथून एर्मेकने मला उचललं, घोंगडीत गुंडाळून घरी आणलं आणि माझ्यात लिनक्स घातलं. ही प्रणाली फुकट मिळते, कुणीही आत डोकावून तिला हवं तसं बदलू शकतं.

एर्मेक म्हणजे बुरुल आपाचा धाकटा मुलगा. आमच्याकडे आईला आपा म्हणतात. घरात आपा आणि तिची थोरली सून तुर्सुनाय. थोरला मुलगा दूर कामाला. आपाचा नवरा फक्त भिंतीवरच्या तसबिरीत उरलाय. आपाची जीभ सुरीसारखी आहे. तिच्या घरात राहून माझीही तशीच झाली, त्याला मी काय करू?

तर तळं. हिमनदीचं पाणी वर साचतं. उन्हाळ्यात बर्फ भराभर वितळला की ते काठ फोडून खाली येऊ शकतं. तळ्यात एक खांब रोवलाय. पाणी कुठवर चढलं ते तो मला कळवतो. लाल खुणेला पाणी लागलं की शाळेच्या छपरावरचा भोंगा वाजवायचा, हे माझं काम. मी बंद, तर भोंगा मुका.

आता माझ्या डोक्याची गोष्ट. वीज आली की मी उठते आणि उठल्या उठल्या एक फाईल वाचते. डोक्यानं किती वेगानं धावायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. आधी तिथे लिहिलं होतं, काम पडेल तसं, बेतानं. आमच्याकडे चहा असाच देतात. वाटी अर्धीच भरायची, संपली की पुन्हा अर्धी. काठोकाठ भरलेली वाटी हातात आली की पाहुणा समजतो, आता उठायचं.

जूनमध्ये जिल्ह्याचे साहेब मला बघायला येणार होते. पडद्यावरचा तळ्याचा नकाशा अडखळू नये म्हणून एर्मेकने फाईल बदलली. लिहिलं, कायम पूर्ण वेगानं.

"काय केलंस रे हिला?" आपाने विचारलं. "चढावरच्या घोड्यासारखी धापा टाकतेय."

"फुल स्पीडवर ठेवलीय, आपा. पाहुण्यांपुढे इज्जत नको?"

"म्हणजे वाटी काठोकाठ भरलीस. हाकलून द्यायचंय का तिला?"

सगळे हसले. साहेब आले, तळलेले बोरसोक खाल्ले, माझी तारीफ केली. तारीफ मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? पण त्या गडबडीत एर्मेक फाईल पूर्ववत करायला विसरला आणि मेंढरं घेऊन वरच्या कुरणावर निघून गेला. तिथे फोन लागत नाही. घोड्यावर बसता बसता वहिनीला म्हणाला, "जेंगे, हिच्यात काही बदलायचं झालं तर गुप्त शब्द विचारेल. विसरण्यासारखा नाहीच. आताचं नाव."

आता म्हणजे बाप. शहाण्याने मोठ्या मानाने बापाचं नाव ठेवलं. पण आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही आणि बायको नवऱ्याचं. तोंडाने नाही, हातानेही नाही. घरात उरल्या त्याच दोघी, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

जुलैची ती दुपार आठवली की अजून माझा पंखा अडखळतो. ऊन पेटलं होतं. वारा तारांना झोंबत होता आणि वीज ये-जा करत होती. पंख्यात कातरणीची लोकर अडकलेली. वीज आली, मी उठले, फाईल वाचली, पूर्ण वेगानं सुटले. सात मिनिटांत इतकी तापले की आपोआप बंद पडले.

तुर्सुनायने मला पुन्हा चालू केलं आणि कोपऱ्यातलं बटण दाबून वेग कमी केला. जिवात जीव आला. खांबाची खबर आली. पाणी लाल खुणेच्या चार बोटं खाली होतं. सकाळी वीतभर खाली होतं.

तेवढ्यात पुन्हा वीज गेली. बटणानं सांगितलेलं मी झोपले की विसरते. फाईलमधलं तेवढं लक्षात राहतं. वीज आल्यावर मी परत भरधाव सुटले. तुर्सुनायचा हात बटणावर पोचला तेव्हा मी विझायच्या बेतात होते.

"आपा, पुढच्या वेळी ही बटणापर्यंतसुद्धा टिकायची नाही," ती म्हणाली. "वीज आहे तोवर फाईल बदलायला हवी. पण ही गुप्त शब्द मागतेय."

"मग दे की."

"घेता येत नाही, आपा."

"का? अंगार आहे का तो?"

तुर्सुनायने मान खाली घालून तसबिरीकडे बोट केलं.

आपाचा हात चहाच्या किटलीवरच थांबला. "गाढवाला दुसरं नाव नाही सुचलं? कुत्र्याचं ठेवायचं होतं!"

दिवा लुकलुकला. तुर्सुनायने अक्षरांवरची बोटं मागे घेतली. "बारा वर्षांत कधी नाही घेतलं, आपा. मला जमत नाही."

खाली शाळेच्या आवारात पोरं खेळत होती. त्यांचा ओरडा खिडकीतून येत होता. मला सगळं कळत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. मित्रांनो, यापेक्षा मोठी भीती नाही.

आपा उठली. डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि तसबिरीसमोर उभी राहिली.

"सुयुनबेक," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली, "सुयुनबेक! चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हाक मारतेय, तीही एका डबड्यासाठी. हसायचं तर हस." मग सुनेकडे वळली. "मी घेतलं. दोष लागला तर मला लागेल. लिही आता."

तुर्सुनायने लिहिलं. फाईल उघडली. पूर्ण वेग खोडला, बेतानं लिहिलं, जपून ठेवलं. आणि वीज गेली.

त्या काळोखात मी कुठे असते, मला माहीत नाही. वीज आली, उठले, फाईल वाचली. बेतानं. एकेक पाऊल टाकत चालले. सात मिनिटं झाली, दहा झाली, विझले नाही. खांबाची खबर आली. पाणी लाल खुणेवर होतं.

मी भोंगा वाजवला.

माणसं पोरांना काखोटीला मारून टेकडीवरच्या कबरस्तानाकडे धावली, सुयुनबेक निजलाय तिथे. अर्ध्या तासात पाणी आलं. पूल गेला, गवताच्या गंजी गेल्या, चिखल आमच्या पायरीला लागला. माणूस एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी एर्मेक धावत खाली आला. आपाने त्याला जे सुनावलं ते पोरांसमोर सांगण्यासारखं नाही.

"शब्द बदलतो, आपा," तो कान धरून म्हणाला.

"खबरदार हात लावलास तर!"

आता रोज सकाळी ती माझ्यासमोर बसते. शाळा जेमतेम शिवलेली. एका बोटाने अक्षरं शोधत ते नाव लिहिते. पडद्यावर नुसते ठिपके उमटतात, पण ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसते.

मित्रांनो, तारीफ करून माझं डोकं थंड होत नाही. माझ्या पंख्यातली लोकर काढा. मी उठल्यावर काय वाचणार आहे, ते एकदा तपासून बघा. आणि जो घरी राहणार आहे, त्याच्या हाताला चालेल अशीच किल्ली ठेवा. आज पुन्हा ऊन कडक आहे. तळं अजून वरच आहे. दिवा मघाशी एकदा लुकलुकला.