पोचूच्या दगडाची उंची

सोमारीनं दालनात शिरल्याबरोबर हात पुढे केला तो पाया पडायला नाही, मोजायला. बघणाऱ्यांना म्हातारी उर्मट वाटली. होतीच ती.

समोर तिच्या लेकाचा, पोचूचा दगड उभा होता. बांबू तोडायला गेलेला पोचू तापानं आठ दिवसांत गेला, तेव्हा कोसमटोल्याच्या लोकांनी वेशीबाहेर त्याच्या नावाचा दगड रोवला. त्यांच्यात मानतात, मेलेला सुखात असला की दगड वाढतो, नाराज असला की खचतो. सोमारी दर फाल्गुनात विती टाकून मोजायची. रोवला तेव्हा भरला सहा विती. पाच वर्षांनी वर चार बोटं. म्हणजे पोरगं हळूहळू का होईना, विसावत होतं.

मग धरणाचा तलाव आला, गाव उठलं. बुडणारे सगळे दगड चंद्रपूरला नेले आणि २००२ साली त्यांच्यासाठी हे स्मृतिदालन बांधलं. आधी अंगाला भिंत घासेल अशी अंधारी वाट, मग एकदम उंच खोली. छताच्या फटींतून दगडांच्या माथ्यावर उजेड. शहरातली माणसं तिथं आपसूक हळू बोलत.

सोमारी नाही. "अस्वलाच्या गुहेतून काऊन आणून राह्यले? आमचे दगड वाऱ्यात होते."

तिनं विती टाकल्या. पाच. पुन्हा टाकल्या. पाचच. तिनं दगडाला कवटाळलं.

"पोचू, काय चुकलं रे माहं? तुले पाण्यातच ठेवाचं होतं का?"

या दालनाचा नकाशा जिनं काढला होता, ती शिरीन धावत आली. चंद्रपुरातल्या फारूक सुताराची पोर; बापाला सोमारी ओळखायची. "आजी, काय झालं?"

"माहा पोरगा खचला."

"खचला नाई, आजी. पडू नये म्हणून पहिल्यापेक्षा फूटभर खोल बसवला. खाली सिमेंट हाये."

सोमारीच्या जिवात जीव आला, पण घडीभरच. "मंग वाढंन कसा?"

"आता तो हलणारच नाई. वरची फट त्याच्या माथ्याच्या मापानंच..." शिरीन बोलता बोलता थांबली.

"फोड ते सिमेंट."

"दगड फुटंन, आजी."

"तुह्या बापानं शिकवलं नाई का तुले? ज्याची वस्तू त्याले इचारून खिळा ठोकावा!"

शिरीननं मान खाली घातली. "इचाराले कोणी गेलंच नाई."

"काऊन? मी का मेली होती?"

शिरीननं पाणी आणून दिलं. सोमारीनं ते घेतलं नाही.

गोंडपिपरीकडच्या नव्या वसाहतीत पोचूची बायको रुखमा दारातच उभी होती. दगड गाडीवर चढवला त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

"आत्या, वाढला का?"

खोटं बोलणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरणारी सोमारी. तिनं लुगड्याचा पदर सारखा केला, चपला काढल्या, पुन्हा नीट लावून ठेवल्या.

"दोन बोटं," ती म्हणाली. "उजेडात ठेवला त्याले. मजेत हाये."

रुखमा तिथंच बसून रडली. बऱ्याच वेळानं डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या साली मी येतो तुमच्यासंगं. माह्या हातानं मोजतो."

"काई गरज नाई," सोमारी खेकसली. "तुही वीत लहान हाये. तुले नाई समजणार."