माजघराचा बुटका दरवाजा

मी माजघराचा दरवाजा बोलतोय. रोह्यातल्या आमच्या आळीत माझ्याएवढा मान कोणाला नाही. भलेभले माझ्यापुढे वाकतात. न वाकून सांगतात कोणाला? बुटका आहे मी. ताठ येईल त्याचं कपाळ सुजतं.

लाकूड फणसाचं, शिक्षण ‘ञ’पर्यंत. या घरचा ऋत्विक लहानपणी माझ्या अंगावर खडूने अक्षरं गिरवायचा. तिथवर आला की आईचा धपाटा पडायचा. पुढची अक्षरं मला अजून ठाऊक नाहीत.

पण खोड्यांत मी पहिला. पूजेला आलेले दिनानाथ गुरुजी मंत्र म्हणत आत शिरले आणि मधेच “आई गं!” म्हणाले. त्या पूजेतलं मला तेवढंच कळलं.

ऋत्विकची आई अनिता लग्न होऊन जिते गावाहून आली, तीही चांगली उंच. देवाला नमस्कार करायला आत येताना माझी तिची टणकन भेट झाली. तिचे सासरे हैबतराव पोट धरून हसले. “सूनबाई, घराने पयला नमस्कार वसूल केला गो!”

सगळे जेवायला बसल्यावर ती एकटी परत आली. कपाळ चोळत म्हणाली, “काय रे बुटक्या, पयल्याच दिवशी?” मी कर्र केलं. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. सासऱ्यांचा राग, माहेरची आठवण, सगळं ती माझ्याशी बोलायची, कपाळ माझ्या लाकडाला टेकून.

माझ्यामुळे या घराला एक खोड लागली. दरवाजा दिसला की ही माणसं वाकतात. अनिताचा नवरा निकेश धाटावला कंपनीत आहे. तिथल्या गेटातून ट्रक जातो, पण निकेश शिफ्टला जाताना मान खाली घालूनच जातो. दोस्त हसतात. मी इथे बसल्या जागी खूश.

मग हैबतराव गेले. ऋत्विक पुण्याला नोकरीला लागला. निकेशने घर नवं केलं. पुढे टाइल्स, उंच काचेचा दरवाजा, स्वयंपाकाचा नवा ओटा. माजघर तेवढं जुनं ठेवलं, लोकांना दाखवायला. घरच्यांचं माझ्याकडे कामच उरलं नाही. दिवसचे दिवस एक पाल सोडून कोणी माझ्याखालून जात नाही. पालीला काय, वाकायची गरजच नाही.

रविवारी मात्र मृणाली येते. जुनी आणि नव्याने सजवलेली घरं दाखवायला ती पेणहून पाहुण्यांची गाडी आणते. तिने माझ्या कपाळाला स्पंज बांधला, वर पिवळी-काळी पट्टी. आता डोकं लागलं तरी पाहुणे खिदळतात आणि फोटो काढतात. टणकन नाही, शिवी नाही, कपाळ चोळणारा हात नाही.

परवाच्या रविवारी एका आजोबांचा चष्मा माझ्यामुळे खाली पडला.

मृणाली म्हणाली, “निकेशदादा, हा दरवाजा उंच करा बाबा. नायतर गाडी दुसऱ्या घरी न्यावी लागेल.”

“उद्याच सखा सुताराला बोलावतो,” निकेश म्हणाला. “जुनी चौकट बंबात घालू. पाणी तरी तापेल.”



तेवढ्यात अनिता सरबताचा ट्रे घेऊन अंगणात निघाली. काचेच्या उंच दरवाजात आली आणि वाकली.

एक पाहुणी हसली. “काकू, इथे कशाला वाकलात?”

अनिताने वर पाहिलं. डोक्यावर हातभर मोकळी जागा. सगळे हसले, ती नाही हसली. ट्रे ठेवून ती निकेशकडे वळली.

“अहो, ती चौकट जाळायची नाय. दरवाजा उंच करा, पण वर लाकूड तेच बसवा.”

“अगो, कशाला? कीड लागलेलं लाकूड ते!”

“मी सांगते म्हणून.”

जीव वाचला. पण नंतर विचार केला आणि घाबरलो. तिथे उंचावर कोणाचं कपाळ लागणार? कोणाचा हात पोचणार? बंबात निदान कोणाच्या अंघोळीला तरी उपयोगी पडलो असतो. वर नुसतं टांगून राहायचं.

संध्याकाळी पाहुणे गेले, निकेश शिफ्टला गेला. अनिता आली. पट्टी फाडली, स्पंज काढून टाकला आणि पहिल्यासारखं कपाळ टेकून उभी राहिली. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून करकरलो. अनिता, मला खालीच राहू दे गो. वर फार एकटं वाटेल.

तिने मला दोनदा थोपटलं.

“करकरू नको, बुटक्या. तिथून समोरची खोली दिसल तुला. आणि एकटं वाटलंच, तर टीव्ही बघत बस, माझ्यासारखा.”