पेट्रोल भरायला गेलेला मुलगा

साल होतं १९६४. ऑगस्टमध्ये इटलीतल्या तुरीन शहरातले कारखाने तीन आठवडे बंद झाले, की सारं शहर समुद्राकडे धावायचं. आणि त्याच दिवसांत रुग्णालयांतल्या खाटा म्हाताऱ्या माणसांनी भरून जायच्या. आजार काहीच नसायचा. "जरा तपासण्या करून घेऊ," असं सांगून मुलं त्यांना तिथे ठेवायची आणि सुट्टीवर निघायची. सगळेच असं करत, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

ओर्नेल्लालाही वाटलं नाही. तिच्या नवऱ्याने, दारिओने, उघड्या टपाची निळी गाडी घेतली होती. पुढे दोन ऐसपैस जागा, मागे सामानापुरती अरुंद फळी. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघं एकटी कुठे गेलीच नव्हती. त्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी सासूबाईंना, चेलेस्तीनाबाईंना, रुग्णालयात सोडलं.

"तपासणी झाली की लगेच समुद्रावर!" दारिओ म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या गालावर हलकेच चापट मारली.

किनाऱ्यावरचं सावोना शहर मागे पडलं. डाव्या हाताला समुद्र लखलखत होता, ओर्नेल्लाचे केस वाऱ्यावर उडत होते. नोली गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक म्हातारी पीच विकत बसली होती. दारिओने पीच ठेवायला डिकी उघडली, तर आत एक गवती टोपी!

"ही कुणाची?"

"आईंची," ओर्नेल्ला हळूच म्हणाली. "परवा तिला नवी फीत शिवत होत्या. त्यांनीच ठेवली असणार."

"मग आई कुठंय?" म्हातारीने विचारलं.

"तपासणीला," दारिओ घाईने म्हणाला.

"ऑगस्टात?" म्हातारी हसली. तिचं नाव बीचे. "वीस वर्षं रुग्णालयात खाटा लावल्यात मी, बाबा. ऑगस्टातले रोगी लांबून ओळखू यायचे. पायातले बूट काढत नाहीत. आडवं व्हा म्हटलं, तर म्हणतात, मुलगा येईलच एवढ्यात."

"बाई, पीच द्या, प्रवचन नको!"

"प्रवचन फुकट आहे रे. पीचचे तेवढे पैसे पडतील."

"सगळेच ठेवतात!"

"म्हणून तर खाटा पुरत नाहीत! तुझी पाळी येईल ना, तेव्हाही सगळेच ठेवतील."

ओर्नेल्लाच्या हातात टोपी होती. फितीचे टाके वाकडेतिकडे पडले होते; सासूबाईंना हल्ली सुई दिसत नसे. तिने डिकी लावून टाकली.

"दारिओ, गाडी वळव."

"वेडी झालीस? दीडशे किलोमीटर!"

"मग किल्ली दे."

"घाटात तू चालवणार?"

"चालवीन! सहा वर्षं परवाना कपाटात कुजतोय. येतोस, की पीच विकायला थांबतोस?"

बीचेबाईने तिच्या ओंजळीत आणखी दोन पीच टाकले.

दुपारी चारला ती दोघं वॉर्डात शिरली. सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. पायात बूट, मांडीवर पर्स. सिस्टर म्हणाली, "आलात? सकाळपासून सांगताहेत, मुलगा पेट्रोल भरायला गेलाय."

दारिओ त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला. "नाही, आई. मी तुला सोडून गेलो होतो."

"ठाऊक आहे रे मला. तुझी अब्रू जायला नको, म्हणून तसं सांगितलं."

तो आईच्या मांडीत तोंड लपवून लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा निघाली. चालवायला ओर्नेल्ला, शेजारी टोपी घातलेल्या सासूबाई आणि मागच्या फळीवर गुडघे हनुवटीला लावून दारिओ!

चेलेस्तीनाबाईंनी आणखी नऊ उन्हाळे समुद्र पाहिला. दारिओ कारखान्यात सोबत्यांना दर जुलैत समजावत राहिला. आधी ते हसले, मग त्यांतल्या काहींनी ऐकलं. बीचेबाई शेवटपर्यंत पीच आणि प्रवचन देत राहिली. दारिओ आता नाही. गाडी केव्हाच भंगारात गेली. ओर्नेल्ला ब्याऐंशीची झाली आहे आणि ऑगस्ट आला की तिची मुलगी दारातून हाक मारते, "आई, टोपी घेतलीस ना?"

वाचकहो, सगळे करतात म्हणून चूक बरोबर होत नाही. आपल्या सुखाच्या गाडीत म्हाताऱ्यांना जागा नसेल, तर आपण मागच्या फळीवर बसावं. समुद्र तिथूनही दिसतो.