ब्रेकच्या तेलाचा डाग

मित्रांनो, मी बारा माणसांची एक जुनी बस आहे आणि मला उताराची भीती वाटते. बसने असं सांगणं शोभत नाही, हे मला कळतं. पण जे झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

मी जबलपूरला, खमरियात असते. माझा रस्ता ठरलेला नाही आणि थांबाही नाही. लोक मोबाइलवरून मला बोलावतात. जवळपासच्या चार-पाच जणांना गोळा करत मी त्यांना शहरातल्या बाजारांत, सदरला नाहीतर बडा फुहाऱ्याला नेऊन सोडते. ज्या गल्ल्यांत कधी बस शिरली नव्हती, तिथे मी दारापर्यंत जात असे. नवी होते तेव्हा लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. मग बोलावणी वाढत गेली, आणि मला दिवसभर उभी करून तपासायला कुणाला सवड उरली नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मागच्या चाकाजवळची ब्रेकची रबरी नळी चिरली. तेल थेंब थेंब गळू लागलं. माझा ड्रायव्हर देवीदास सकाळी पाय ठेवायचा, तेव्हा ब्रेक कालच्यापेक्षा जरा जास्तच खाली जायचा. प्रत्येक वळणावर मला ते जाणवे. पण बसला बोलता येत नाही.

तो डाग पहिल्यांदा पाहिला सुमनबाईंनी. एकतीस वर्षं त्यांनी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तयार मालाची तपासणी केली होती. निवृत्तीनंतर दर मंगळवारी त्या गुडघ्यांच्या व्यायामासाठी सदरच्या दवाखान्यात जात. त्या मंगळवारी मी त्यांच्या दारातून थोडी पुढे सरकले आणि मागे जमीन ओली दिसली. त्या कष्टाने वाकल्या, बोट लावलं, वास घेतला.

"देवीदास, हे काय गळून राहिलं?"

"एसीचं पाणी असन काकू."

"एसीचं पाणी पुढं पडते. हे मागच्या चाकापाशी आहे. अन् पाणी असं बुळबुळीत नसते. ब्रेकचं तेल आहे हे."

देवीदासने लगेच बस चालवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिकडचा आवाज मलाही ऐकू आला. "आज गाड़ियाँ कम हैं भैया. शनिवार को दिखा लेना."

आत विनता मॅडम घड्याळ बघत बसल्या होत्या. त्या शाळेत शिकवत. "अजून किती वेळ? माझी परीक्षेची ड्यूटी आहे," त्या म्हणाल्या.

देवीदास खालच्या आवाजात सुमनबाईंना म्हणाला, "चला काकू, हळू चालवतो. गाडी नाही काढली तर तक्रार होते. माझ्या दोन आधीच झाल्या आहेत."

सुमनबाई पायरीपाशी थांबल्या. त्या चढल्या नाहीत तर बाकीचेही उतरतील, अशी मला आशा वाटली. पण त्या चढल्या. "मग नाल्याच्या पुलाकडचा उतार नको घेऊ," एवढंच म्हणाल्या. देवीदास हो म्हणाला.

पाच मिनिटांत त्याच्या फोनवर नवं बोलावणं आलं. नाल्यापलीकडे गौतम नावाचा माणूस उभा होता, त्याला रेल्वे गाठायची होती. फोनने उताराचाच रस्ता दाखवला. देवीदासने एकदा आरशात सुमनबाईंकडे पाहिलं आणि मला वळवलं.

उताराच्या माथ्यावर त्याने ब्रेक दाबला. माझा वेग जरासा कमी झाला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा त्याचा पाय तळाला टेकला, आणि मी थांबले नाही.

मित्रांनो, आपलंच वजन आपल्याला मागून ढकलू लागतं तेव्हा काय वाटतं, ते कसं सांगू? खाली पुलावर माणसं चालत होती. एक भाजीचा ठेला आडवा निघाला होता. मला ते सगळं दिसत होतं आणि मी त्यांच्याकडेच चालले होते. देवीदासने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. जळका वास सुटला. "पकडून बसा," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मी आणखीच भेदरले. मग त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि मला रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घातलं.

पुलावरचं कुणी माझ्याखाली सापडलं नाही. विनता मॅडमच्या कपाळाला खोक पडली. सुमनबाईंचं मनगट मोडलं.

मला ऑफिसच्या आवारात आणून टाकलं. ऑफिसच्या कागदावर लिहिलं गेलं, 'ड्रायव्हरची चूक.' देवीदासला घरी बसवलं. मला भंगारात द्यायचं बोलणं सुरू झालं, तेव्हा माझी भीती दुप्पट झाली. मी गेले असते तर खरं कारण दाखवणारी ती नळीही माझ्याबरोबर गेली असती.

नवव्या दिवशी सुमनबाई हाताला प्लास्टर घालून आवारात आल्या. बरोबर विनता मॅडम होत्या. "मागचं चाक खोला," सुमनबाई म्हणाल्या. ऑफिसच्या साहेबांनी त्यांना घरी आराम करायला सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. शेवटी नथ्थू मेकॅनिकने चाक काढलं आणि चिरलेली नळी सगळ्यांसमोर धरली. विनता मॅडमनी तिचा फोटो घेतला.

देवीदासलाही बोलावलं होतं. साहेब त्याला म्हणाले, "मग तुझी चूक नाही, असं लिहितो."

"माझी पण लिहा जी," देवीदास म्हणाला. "मला माहीत होतं. मी गाडी काढली."

कागद बदलला; त्यावर नळीही आली आणि देवीदासची चूकही. दोन महिन्यांनी देवीदास कामावर आला, मीही दुरुस्त होऊन रस्त्यावर आले. सुमनबाई मात्र आता ऑटोने जातात. त्यांचं घर आलं की देवीदास दाराकडे बघतो आणि मी पुढे जाते. ब्रेक नवा आहे, तरी उतार दिसला की मला भीती वाटतेच.

तेव्हा मित्रांनो, गाड्या सोडणारे तुमच्यात कुणी असतील तर एवढं ऐका. कधी माझा ब्रेक मऊ लागला, तर कुणीही बोलावलं तरी मला पाठवू नका. लोक खोळंबतील, चिडतील. चिडू द्या. मला उभी ठेवा.